सणसरचं 'बघू'

बारामतीच्या एका संगणक केंद्रात रेश्मा पहिल्याच दिवशी चुकून रविराजच्या खुर्चीत बसली. तो चहाचा कप घेऊन उभाच राहिला. "बसा तुमी... खुर्चीवर नाव न्हाय माझं," तो म्हणाला. रेश्माच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ती सणसरची, तो सांगवीचा. उसाच्या पानांचे फोटो बघून निरोगी कुठलं, तांबेरा रोग पडलेलं कुठलं, ते तिने लिहायचं. त्यावरून तो यंत्राला शिकवायचा.

एका दुपारी खिडकीवर पाऊस वाजत होता. रोज कानावर पडणाऱ्या तीन शब्दांत फरक काय, असं तिने विचारलं. त्याने सावकाश सांगितलं. जुन्या नोंदी चाळून, ढगाळ आठवड्यानंतर तांबेरा वाढतो असं काही शोधून काढणं, ते डेटा मायनिंग. नावं लिहिलेली हजारो पानं पाहून यंत्र नवं पान ओळखायला शिकतं, ते मशीन लर्निंग. आणि यंत्राला माणसासारखी समज यावी, हा सगळा मोठा खटाटोप म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता; शिकणं हा तिचा एक रस्ता.

"आणि मी नावच चुकीचं लिहिलं तर?"

"यंत्र तेच खरं धरतं. जे दाखवलं, तेवढंच त्याचं जग."

"म्हंजे तुमच्यासारखंच की," ती हसली.

नोंदी त्यानेही चाळल्या होत्या. गुरुवारी ती अबोली माळायची, आणि गुरुवारीच जास्त हसायची. म्हणून एका गुरुवारी त्याने विचारलं, "आईला... तुमच्या घरी पाठवू?"

"बघू..." ती खिडकीकडे बघत म्हणाली.

सांगवीत त्याचे वडील सायकलपासून सहलीपर्यंत सगळ्याला "बघू" म्हणत आले होते, आणि त्यातलं एकही कधी झालं नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं नाही. रेश्माने दोन महिने वाट पाहिली. मग अबोली माळणं सोडलं. तेही त्याने नकारातच धरलं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे दिले. टेंभुर्णीच्या मुलाशी तिची सुपारी फुटली होती.

स्टँडवर तो तिच्यामागे आला.

"मला नको म्हणालात, तेव्हाच..."

"कधी म्हणले?"

"बघू म्हणालात की."

"आमच्याकडं पोरीनं व्हय कसं म्हणायचं? बघूच म्हणत्यात. न्हाय असलं, की न्हाय म्हणत्यात."

"आता... काहीच न्हाय का?"

"आमच्या आबांनी तिकडं शब्द दिलाय."

सणसरवरून जाणारी इंदापूरची गाडी लागली. ती खिडकीशी बसली. खाली उभा राहून त्याने विचारलं, "पोचल्यावर एक फोन कराल?"

"बघू," ती म्हणाली.

हे 'बघू' सांगवीचं होतं. ते त्याने बरोबर ओळखलं.