डाव्या हाताचा घास

निथळत्या भांड्यांच्या जाळीत ताटली ठेवल्याचा खण्ण आवाज झाला आणि माझी दुपार संपली. माझी लेक भिंगरी झोपली होती, तेवढ्यात चार ओळी लिहाव्यात म्हणून मी खिडकीपाशी बसले होते. आत नवरा भांडी घासत होता. न सांगता. गाणं न गुणगुणता.

कुणालाही वाटेल, हिला आणखी काय हवंय? सासूबाईंनाही तसंच वाटायचं. "आठ महिन्यांनी आलाय पोरगा, आता तरी तोंड गोड ठेव," त्या फोनवर म्हणाल्या. ठेवलंही असतं. पण आठ महिने एकटीनं लेकीची आजारपणं काढली, गळके नळ बांधले, घरमालकाची बोलणी खाल्ली, आणि त्या सगळ्याचं मिळून एक खणखणीत भांडण मी ह्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. हा आला. मी तोंड उघडलं. तर हा म्हणाला, "तुझं बरोबर आहे."

आधीचा असता तर पहिल्या वाक्यालाच उसळला असता. दार आपटून बाहेर गेला असता आणि कोपऱ्यावरून परत येऊन "आणि अजून एक सांगतो तुला" म्हणाला असता. आता काहीही बोला, उत्तर एकच. तुझं बरोबर आहे. माझा राग तसाच्या तसा अंगात शिजत राहिला.

तो परदेशात एका बोगद्याच्या कामावर होता. थंडीच्या सुरुवातीला तिथे आत काहीतरी कोसळलं, काही दिवस फोनच लागला नाही. मग कंपनीचा निरोप आला, सगळे सुखरूप आहेत. मग त्याचा आवाज आला, लांबून, खरखरीत. त्या दिवशी मी भिंगरीला पोटाशी धरून रडले होते.

सोमवारपासून मी पुन्हा लॅबमध्ये कामावर जाणार होते. लोकांचं रक्त काढायचं आणि कुणाचं कुणाच्या नावावर जाणार नाही हे बघायचं, हे माझं काम. शाळा सुटल्यावर भिंगरी ह्याच्याजवळ राहील असं ठरलं होतं. "तू निर्धास्त जा," तो म्हणाला होता. मी निर्धास्त नव्हते. का, ते मलाच सांगता येईना, म्हणून आणखी चिडत होते.

भिंगरी उठली तेव्हा म्हटलं, "चला, सुशी खाऊ. शनिवार आहे."

आमच्या गल्लीत लाँड्री आणि किल्लीवाल्याच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं ते हॉटेल आहे. एक लांब लाकडी फळी, तिच्यापुढे सहा स्टुलं, फळीपलीकडे मालक. दारावर निळा पडदा. आत व्हिनेगर घातलेल्या भाताचा कोमट, आंबूस वास आणि शेजारच्या लाँड्रीची भिंतीतून येणारी ऊब. पूर्वी आम्ही दर शनिवारी उघडल्या उघडल्या यायचो. तो गेल्यावर मी आले नव्हते.

मालक ताटलीत वाढत नाहीत. भाताचा एवढासा मुटका वळतात, वर माशाची पट्टी बसवतात आणि तो घास थेट तुमच्यापुढच्या फळीवर ठेवतात. हातानं उचलायचा, लगेच खायचा. ठेवतात तोही जरा तिरका, तुमच्या हाताच्या बाजूला कललेला, म्हणजे बोटं आपोआप त्याच्यावर बसतात. माझा नवरा डावखुरा. पहिल्याच दिवशी मालकांनी त्याला पाण्याचा पेला उचलताना पाहिलं आणि त्याच्यापुढचा घास उलट्या बाजूला कलवून ठेवला. ह्याला त्याचं कोण कौतुक! आल्यागेल्याला सांगायचा, "आईनं लहानपणभर उजव्या हातात चमचा कोंबला, आणि ह्या माणसानं न विचारता ओळखलं."

आम्ही बसलो. एका बाजूला तो, मध्ये मी, मग भिंगरी. तिच्या पलीकडची, दाराकडची स्टुलं रिकामी होती.

मालकांनी हात पुसले, ह्याच्याकडे पाहिलं. "नमस्कार. काही चालत नाही असं आहे का?"

हे ते नव्या गिऱ्हाइकाला विचारतात.

"अहो मालक, ओळखलं नाहीत? एवढा वाळला का हा?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पहिला घास ह्याच्यापुढे ठेवला. उजवीकडे कललेला.

"डावा," मी म्हटलं. "ह्याचा डावा हात."

"हो, ताई," ते म्हणाले, आणि घास तसाच राहू दिला.

नवऱ्यानं तो उजव्या हातानं उचलला. बोटं बरोबर बसली. "छान आहे," तो म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भांड्यांची घासणी. दात घासायचा ब्रश. भिंगरीच्या केसांतून फिरणारा कंगवा. आल्यापासून सगळं उजव्या हातानं. मी रोज बघत होते आणि एकदाही दिसलं नव्हतं.

"हे कधीपासून?"

"तिकडे डावा दुखावला होता. मग सवय झाली."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुझं बरोबर आहे."

"हे आणखी एकदा म्हणालास ना, तर हा सोया सॉस तुझ्या डोक्यावर ओतीन."

भिंगरी खुदकन हसली. तो हसला नाही. रागावलाही नाही. मी खरंच ओतला असता तरी तो पुसून "छान आहे" म्हणाला असता, असं मला वाटलं आणि मी सॉसची बाटली लांब सरकवली.

मालकीणबाई चहाचे पेले घेऊन आल्या. माझा पेला ठेवताना जरा वाकल्या. "बऱ्याच दिवसांनी आलात, ताई. ते येतात, पण तुम्ही नसता."

"कोण ते?"

"तुमचे यजमान. दर शनिवारी येतात की. थंडी पडायला लागली तेव्हापासून. त्या तिथे, दाराजवळच्या स्टुलावर. बोलत काही नाहीत. भिंगरी केवढी झाली, एवढंच विचारतात."

म्हणजे हा इथेच होता! मी पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते आणि हा दोन इमारती पलीकडे बसून मासे खात होता!

"तू इथे होतास?"

"नाही."

"मग ह्या खोटं बोलतायत?"

"नाही."

दोन्ही नाही एकाच आवाजातले. एकाच मापाचे. मला त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्याऐवजी मी मालकांवर ओरडले. "ही काय चेष्टा लावलीय? माझा नवरा हा इथे बसलाय! डोळ्यांसमोर!"

मालकांनी एकदाही ह्याच्याकडे पाहिलं नाही. सुरी ओल्या फडक्यानं पुसली. भात घेतला, मुटका वळला, वर ट्यूनाची पट्टी बसवली. फळीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तो घास शेवटच्या स्टुलापुढे ठेवला.

डावीकडे कललेला.

"त्यांची वेळ झाली," ते म्हणाले.

मी दाराकडे बघत राहिले. पडदा हलला नाही. कुणी आलं नाही.

शेजारी हात नेला. भिंगरीचं स्टूल रिकामं होतं.

ती टोकाला उभी होती. मान वर करून त्या स्टुलाकडे बघत, हळू आवाजात काहीतरी सांगत होती. शाळेतलं सांगते तसं, भराभरा, श्वास न घेता.

फळीवरचा घास नव्हता. ओलसर डाग तेवढा होता.

"तिला बोलाव," नवरा म्हणाला.

आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या आवाजाला धार होती.

"बोलाव तिला इकडे."

मी नाही बोलावलं.

भिंगरीच्या डोळ्यांवर आलेली बट कानामागे गेली. तिचे दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात होते.

मग तिनं मान डोलावली, आणि दुडूदुडू माझ्याकडे आली.

ह्याचा उजवा हात माझ्यापुढून तिच्याकडे निघाला. मी तो मनगटाशी पकडला. घट्ट. सगळा राग बोटांत आणून. सवयीनं बोटं नाडीच्या जागेवर गेली.

मी शोधत राहिले. थोडं वर. थोडं खाली.

भिंगरीनं माझी बाही ओढली.

"आई," ती म्हणाली, "बाबा विचारतोय, तू कुणाचा हात धरलायस?"