पैशावर निभावलं

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काठमांडूला गेलो. पशुपतिनाथाच्या रांगेत कुणीतरी पट्टा ब्लेडनं कापून माझी रेक्झिनची बॅगच लांबवली. पैसे, रेशनकार्ड, शाळेचं ओळखपत्र, जिंतूरच्या घराची किल्ली, सगळं तिच्यातच. मी गणिताचा मास्तर, सगळं एका जागी ठेवू नये हे पोरांना शिकवणारा. पोलीस चौकीत म्हणाले, आधी कार्ड दाखवा. कार्डच चोरीला गेलंय हे त्यांच्या गळी उतरवण्यात दिवस गेला.

शेवटी माझ्या बायकोनं, सुमंगलानं, हातातली पाटली निम्म्या भावात मोडली. "जाऊ द्या, पैशावर निभावलं," ती म्हणाली. "पोरगी सलामत आहे ना?"

पोरगी म्हणजे आमची हेमा, सात वर्षांची. चोरी झाल्यापासून मी तिचा हात सोडला नव्हता. रक्सौलपासून आगगाडीत संडासाशेजारी बसून आलो. परभणीला उतरलो तर नामांतराच्या बंदमुळे एसट्या उभ्याच. कापसाच्या ट्रकवर बसून भर दुपारी जिंतूर गाठलं. अंगाचं नुसतं भुसकट झालं होतं. आता कुलूप फोडावं लागणार, या विचारानंच मला रडू येत होतं.

दाराला कुलूप नव्हतं. नुसती कडी होती.

आमच्याकडे यात्रेहून आलेल्यांना उंबऱ्याबाहेर थांबवतात. पाय धुऊन कुंकू लावतात, मगच आत घेतात. मी शेजारच्या केशरबाईंना पाण्याचा तांब्या मागितला. त्या आमच्याकडे बघतच राहिल्या.

"पाय तर परवाच धुतले की म्या, मास्तर. तुमचे, वैनीचे, लेकीचे. आत्ताच बाजाराला गेलात न्हवं तिघं?"

आम्ही आत्ताच येतोय, असं मी सांगितलं. त्यांची नजर सुमंगलाच्या मनगटावर गेली.

"पाटली सकाळी तर होती हातात."

एवढं बोलून त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

वाद घालायला माझ्यात जीव नव्हता. बाईंना ऊन लागलं असेल म्हटलं, आणि ट्रंक उचलायला हेमाचा हात सोडला. ती केशरबाईंच्या अंगणातल्या करडाकडं पळाली.

आत घर झाडलेलं होतं. स्टोव्हवर पिठलं, अजून गरम. खुंटीला माझी बॅग अडकवलेली. पट्टा धड, कापल्याची खूणसुद्धा नाही. पैसे, कार्डं, किल्ली, सगळं जागच्या जागी.

सुमंगला रडायला लागली. भीतीनं की आनंदानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. मला भीती वाटायला हवी होती, पण पोटात आग पडली होती. पाहतो तर हेमा आधीच पाटावर बसलेली. मागच्या दारानं आली असेल. मी पुढचं दार आतून लावलं आणि कुणाच्या हातचं ते न विचारता आम्ही जेवायला बसलो.

"बघा," सुमंगला डोळे पुसत म्हणाली, "पैसेसुद्धा गेले नाहीत आपले."

हेमा मान खाली घालून जेवत होती. एरवी तिचं तोंड मिटत नाही.

माझी नजर खाली गेली. माझे पाय धुळीनं काळे होते. सुमंगलाचेही.

हेमाचे स्वच्छ होते. अंगठ्यांवर कुंकू, वाळून गेलेलं.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार थापटलं. अगदी खाली, लहान हात पोचेल तिथं.