कपाटामागची काळी भिंत

"तीन बुरूज, एक महादरवाजा आणि मागे तळं. ठरलं तर मग!" उत्कर्षाने काडीने जमिनीवर नकाशा ओढला आणि हात झटकले.

"तळं पुढे पाहिजे," साई म्हणाला.

"काहून?" शेफालीने विचारलं.

"काहून!" साई खदखदून हसला. "यवतमाळहून येऊन पाच महिने झाले, अजून 'काहून'च!"

"तुमच्या पुण्यात 'का' विचारलं की कोणी उत्तर देत नाही. म्हणून 'काहून' विचारून पाहते!"

२००७ सालची दिवाळीची सुट्टी नुकती लागली होती. कोथरूडमधल्या केतकी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किल्ल्याची तयारी जोरात चालली होती. आठवीतली उत्कर्षा तिसऱ्या मजल्यावर राहायची. सातवीतला साई पहिल्या मजल्यावर, आणि त्याच्याच वर्गातली शेफाली त्याच्या बरोबर खाली, तळमजल्यावर. शेफालीच्या बाबांना हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, म्हणून ते सगळे जूनमध्ये या भाड्याच्या घरात आले होते. सगळे म्हणजे आई, बाबा, शेफाली आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ सोनू.

"मावळे मी लावणार!" सोनू ओरडला आणि लगेच खोकायला लागला. खोकला थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, तोंड लाल झालं. शेफाली त्याची पाठ चोळत राहिली.

"परवा वाघोलीहून आला तेव्हा किती छान होता," ती कुजबुजली. "मावशीकडे चार दिवस एकदाही खोकला नाही! घरी एक रात्र झोपला आणि परत सुरू."

उत्कर्षाने काडी खाली टाकली. "एक मिनिट. वाघोलीला खोकला नाही, घरी खोकला. म्हणजे तुमच्या घरात काहीतरी आहे!"

"भूत?" साईने डोळे मोठे केले.

"गप रे! चला, बघू या."

सोनूच्या खोलीत शिरल्याबरोबर उत्कर्षाने नाक मुरडलं. बंद ट्रंकेत ओले कपडे राहिले की येतो, तसा वास होता. भिंतीचा क्रीम रंग मात्र नवाकोरा दिसत होता. जूनमध्येच दिला होता म्हणे. सोनूच्या पलंगाला लागून एक मोठं लाकडी कपाट होतं. तिघांनी खांदा लावून ते बाजूला सरकवलं आणि शेफाली किंचाळलीच!

कपाटामागची अख्खी भिंत काळी होती. काळी, मधेच हिरवट, आणि मखमलीसारखी मऊ लव आलेली. रंगाचे पोपडे लोंबत होते. कपाटाच्या पाठीवरही तीच लव चढली होती.

"बुरशी!" साई म्हणाला. "पावावर येते ना, तीच!"

"आईबाबा संध्याकाळी येतील तोवर सगळं साफ करून टाकू," उत्कर्षा म्हणाली. "केवढे खूश होतील!"

मग काय विचारता! एकाने खराटा आणला, एकीने झाडू, शेफालीने चपात्या उलटायचं जुनं उलथनं. खरवड खरवड खरवडलं! काळी धूळ खोलीभर उडाली. सोनू पलंगावर उभा राहून "हर हर महादेव!" ओरडत होता. तासाभरात भिंत बरीचशी पांढरी झाली आणि चौघंही भुतासारखी काळी. कुणाच्या मनातही आलं नाही, की आपण काही चुकीचं करतोय.

दिवेलागणीला सोनूला श्वास घेता येईना.

शेफालीची आई नुकतीच कामावरून आली होती. सोनूच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. "बापा रे! शेफू, रिक्षा बघ, पळ!" आई ओरडली. शेफाली रस्त्याकडे धावली. फटाक्यांच्या खरेदीची गर्दी, एकही रिक्षा थांबेना. हात वर करून ती रडत उभी राहिली. शेवटी साईचे बाबा, आनंदकाका, गाडी घेऊन आले आणि त्यांनी सोनूला दवाखान्यात पोहोचवलं.

दवाखान्यात सोनूच्या तोंडावर वाफेचा मास्क लावला. तो हाताने मास्क ओढायचा, शेफालीकडे बघायचा. त्याला बोलताही येत नव्हतं. ती त्याचा हात धरून उभी होती. आणखी काय करणार?

"घरात कुठे ओल आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही हो, पाच महिन्यांपूर्वीच रंग दिलाय," बाबा म्हणाले. कंपनीच्या बसमधून उतरून ते तसेच धावत आले होते.

"आहे!" शेफालीच्या तोंडून निघून गेलं. मग तिने रडत रडत सगळं सांगितलं. कपाट, बुरशी, झाडू, सगळं. "माझ्यामुळे झालं हे!"

डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ घेतलं. "तुमचा हेतू चांगला होता. पण कोरडी बुरशी झाडली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात. याला दम्याची प्रवृत्ती आहे, त्यामुळे त्याला ते फार बाधले. मात्र तू सांगितलंस हे फार बरं केलंस. नाहीतर मी औषध देऊन त्याला पुन्हा त्याच खोलीत पाठवलं असतं." त्यांनी बाबांना नाव आणि नंबर लिहिलेली एक चिठ्ठी दिली. "या नंदाताई. इमारतींतली बुरशी काढण्याचंच काम करतात. पण पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. आणि तोवर मुलाला त्या घरात नेऊ नका."

दुसऱ्या दिवशी बाबांनी सुट्टी घेतली आणि एकेकाचं दार ठोठावलं. तिघं मुलं मागे मागे होती.

घराचे मालक आप्पासाहेब. कोथरूड गाव होतं तेव्हापासूनचे शेतकरी. आता त्यांच्या शेतावर इमारती उभ्या होत्या. "रंग देऊनच घर दिलं हाय तुम्हाला," ते म्हणाले. "पाणी वरनं येत आसंल. वरच्याला इचारा."

वरचे म्हणजे आनंदकाका! त्यांनी बाल्कनी बंद करून तिथे कॉम्प्युटर आणि वॉशिंग मशीन ठेवलं होतं. "या, हात लावून बघा! माझी फरशी खडखडीत कोरडी आहे. पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असणार. सोसायटीला सांगा."

सोसायटी म्हणजे सेक्रेटरी बापूराव. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "खिडक्या उघडत नसाल. यवतमाळला ऊन मोफत असतं, पुण्यात खिडकी उघडावी लागते."

"अहो, माझा मुलगा दवाखान्यात आहे!"

"वाईट वाटलं. पण तोंडी तक्रार चालत नाही. लेखी द्या, जानेवारीच्या सभेत घेऊ."

बाबा जिन्यातच बसले. मोठा माणूस असा पायरीवर बसलेला शेफालीने कधी पाहिला नव्हता. "कोणाच्या पाया पडू, सांग," ते म्हणाले. ती त्यांच्या शेजारी बसली.

संध्याकाळी साई बाल्कनीतल्या खोलीत गेला. मशीन नुकतंच थांबलं होतं. त्याची नळी फरशीतल्या एका भोकात गेलेली होती.

"बाबा, मशीनचं पाणी कुठे जातं?"

"पाइपात."

"आणि पाइप कुठे जातो?"

"साई, मी कॉलवर आहे ना!"

साईने खिडकीतून वाकून पाहिलं. बाहेर कुठेच पाइप नव्हता! म्हणजे तो भिंतीच्या आत होता. आणि खाली, नेमकी त्याच जागी, सोनूची खोली होती. आपल्याच घरातलं पाणी? बाबांना पुन्हा सांगावं, तर ते ओरडतील. न सांगावं, तर सोनू...

जेवताना त्याने धीर करून परत विषय काढला. "फरशी कोरडी आहे, एकदा सांगितलं ना!" बाबा कडाडले. साईने ताट बाजूला सारलं.

सकाळी त्याने दोघींना सगळं सांगितलं. "माझ्यावर चिडू नका."

"तुझ्यावर कशाला चिडू?" शेफाली म्हणाली. "पण आपलं ऐकणार कोण?"

तिघं पार्किंगमध्ये बसली. अर्धवट किल्ल्याकडे बघायचीही इच्छा होत नव्हती. मग उत्कर्षा म्हणाली, "आपलं नको ऐकू देत. भिंतीचं ऐकतील! साई, रंगपंचमीचा रंग उरलाय का?"

"जांभळा आहे, पक्का! माझे कान आठवडाभर जांभळे होते."

"मस्त! हिरवा असता तर म्हणाले असते, शेवाळ आहे. जांभळं शेवाळ कुठे असतं?"

दुपारी साईने बादलीभर जांभळं पाणी त्या भोकात ओतलं. मग उत्कर्षाने सुवाच्य अक्षरात एक कागद लिहिला, पाकिटात घालून चिकटवला आणि बापूरावांच्या हातात दिला.

"हे काय?"

"लेखी तक्रार, काका. आम्ही सांगू तेव्हाच उघडा. पोच द्या."

बापूरावांनी भुवया उंचावल्या, पण नियम म्हणजे नियम! त्यांनी पाकिटावर तारीख आणि सही केली.

शेफालीने भिंतीवरच्या ओलीभोवती खडूने रेघ मारली. संध्याकाळी पाहिलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहिलं. रेघेबाहेर ओल दोन बोटं सरकली होती, पण रंग? नाही.

त्याच दिवशी सोनूला घरी सोडणार होते. घरी म्हणजे कुठे? आईने पिशवी भरली आणि तशीच हातात धरून बसली. वाघोलीची मावशी दिवाळीला सासरी गेली होती. तेव्हा उत्कर्षाची आई दवाखान्यात आली आणि पिशवी उचलून म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर भरपूर वारा आहे. विचारत नाहीये, सांगतेय. चला!"

सोनू तिसऱ्या मजल्यावर झोपला. पण असा किती दिवस? तिसऱ्या दिवशी सकाळी ती तोंडावर ओला रुमाल बांधून खोलीत गेली. रेघ पाहायचाही कंटाळा आला होता तिला. तिने मान वर केली...

"उत्कर्षा! साई! या, लवकर या!"

भिंतीवर, छताच्या जवळून, एक जांभळा ओघळ उतरला होता! जांभळाच्या रसासारखा, ठसठशीत!

दहा मिनिटांत आप्पासाहेब, आनंदकाका आणि बापूराव खोलीच्या दारात उभे होते.

"पोरांनी भिंतीवर रंग फासलाय," आप्पासाहेब म्हणाले.

"काका, आता पाकीट उघडा," उत्कर्षा म्हणाली.

बापूरावांनी सही तपासली, पाकीट फाडलं आणि मोठ्याने वाचलं, "'आज बुधवारी दुपारी तीन वाजता पहिल्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनच्या पाइपात जांभळा रंग ओतला आहे. तो खाली सोनूच्या भिंतीतून बाहेर आला, तर पाइप आत फुटला आहे असे समजावे. अर्जदार: उत्कर्षा, शेफाली, साई.'" त्यांनी भिंतीला बोट लावलं. बोट जांभळं झालं. ओघळ आतून येत होता, यात शंकाच नव्हती.

आनंदकाकांनी वर, त्या ओघळाकडे पाहिलं. मग साईकडे वळले. "मला का नाही सांगितलंस?"

साई म्हणाला, "दोनदा सांगितलं, बाबा."

आनंदकाका तसेच निघाले. वर गेले आणि त्यांनी मशीनचा नळ बंद केला.

दुपारी नंदाताई आल्या. उंच, सावळ्या, खांद्यावर भली मोठी बॅग. "हरिहरेश्वर, मुरुड, समुद्राकाठच्या जुन्या घरांत माझं हे रोजचंच काम," त्या म्हणाल्या. "खारी हवा, ओल्या भिंती. पुण्यात आले की लोक हसतात, इथे कुठे समुद्र, म्हणतात!"

"या भिंतीत होता," शेफाली म्हणाली.

नंदाताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. दाराला जाड प्लॅस्टिकचा पडदा लावला, त्यांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी बारीक कण अडवणारे मास्क घातले. भिंत आधी ओली करून, मगच गिलावा काढला, म्हणजे धूळ उडणार नाही. सोनूची गादी आणि कपाटाची पाठ पिशव्यांत बांधून टाकून दिली. फुटलेला पाइप बदलला. मग हवेतली ओल शोषणारं यंत्र कितीतरी दिवस घुमत राहिलं. दिवाळी संपली, शाळा सुरू झाली, तरी त्या रोज मीटर लावून भिंतीतली ओल मोजत आणि मान हलवत. "अजून नाही." घाई त्यांनी केलीच नाही. डिसेंबरच्या मध्यावर एकदाची मान वेगळी हलली!

त्या रविवारी सगळे त्या खोलीत जमले. नवी भिंत कोरडी, खणखणीत होती. "मी वीस वर्षं सेक्रेटरी आहे," बापूराव खाकरून म्हणाले. "इतका व्यवस्थित अर्ज पहिल्यांदाच आला. शाब्बास." पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं! आनंदकाकांनी सोनूला उचलून घेतलं, त्याच्या आईबाबांची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि साईच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.

नंदाताईंनी बॅगेतून जुन्या गिलाव्याचा एक तुकडा काढला. "हा मी मुद्दाम ठेवला. कडेने बघा."

तुकड्यावर रंगांचे थर होते. वर क्रीम, खाली गुलाबी, मग पिस्ता, मग आकाशी. प्रत्येक दोन थरांमध्ये काळी रेघ.

"प्रत्येक नव्या भाडेकरूला नवा रंग," शेफाली हळूच म्हणाली. "म्हणजे आमच्या आधी तीन बिऱ्हाडं इथे राहिली. त्यांच्यात पण कोणी खोकत होतं का, आप्पासाहेब?"

आप्पासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "पिस्त्याच्या येळेला एक बारकी पोरगी व्हती," ते म्हणाले. "लई खोकायची. मी म्हनलं, हवा मानवंना तिला. पोरी, चुकलं माझं. तुम्ही डोळं उघडलं."

"ती आता कुठे असते?"

"म्हाईत न्हाय." त्यांनी तो तुकडा हातात घेतला. मग दाराकडे वळले. "पर घरी करारावर त्यांच्या गावचा फोन लिहिल्याला आसंल. थांबा. लावूनच बघतो."

आणि सगळे त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी, फोनपाशी गेले.