काटा वर जात नाही

सडक्या अंड्यांचा वास आपल्याच गाडीतून येतोय, हे सुलक्षणाला एरंडोलच्या पुढे गेल्यावर कळलं. तोवर ती समोरच्या ट्रकला मनातल्या मनात नावं ठेवत होती. मग पायाखालची मॅट चपलेतून भाजायला लागली. तिने गाडी रस्त्याकडेच्या वाळल्या गवतावर घेतली, उतरली, आणि कमरेवर हात ठेवून त्या लाल, दोनच सीटांच्या, बुटक्या गाडीकडे बघत राहिली.

"आधी ती गवतावरून काढा," मागून कुणीतरी म्हणालं. "मग खुशाल रागवा तिच्यावर."

मागे एक जीप थांबली होती. जीपमध्ये भरताच्या वांग्यांचं पोतं होतं आणि चालकाच्या अंगात नुकताच इस्त्री केलेला पांढरा शर्ट. सुलक्षणाने गाडी डांबरावर घेतली. तो सरळ रस्त्यावर आडवा झाला, गाडीखाली डोकावला आणि हलकेच शीळ वाजवली. मग तिलाही वाकून बघायला लावलं. धुराच्या नळीतला एक डबा निखाऱ्यासारखा लाल झाला होता.

कॅटलिटिक कन्व्हर्टर, त्याने सांगितलं. इंजिनाचा विषारी धूर या डब्यात जळून साफ होतो. पण इंजिनात न जळलेलं पेट्रोल खाली यायला लागलं, तर तेही इथेच जळतं आणि डबा असा पेटतो. आता प्रश्न एवढाच, की पेट्रोल जास्त का येतंय.

त्याचं नाव नवीन. नशिराबादला हायवेलगत त्याचं गॅरेज होतं. पुण्यातली कारखान्यातली नोकरी सोडून त्याने ते काढलं होतं, का ते त्याच्या वडिलांना अजून कळलं नव्हतं. वांगी धुळ्याच्या बहिणीकडे चालली होती. सुलक्षणा धुळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि तिला उशीर झाला होता. हे सगळं गाडी गार होईपर्यंत बोलून झालं. निघताना तिच्या लक्षात आलं, की त्या पांढऱ्या शर्टाची पाठ पार काळी झाली होती आणि त्याचं त्याला काहीच वाटलेलं नव्हतं. का कोण जाणे, तिला त्याचाही राग आला.

गाडी तिच्या वडिलांची, नानांची. नाना संस्कृतचे शिक्षक. पुस्तकाच्या पानाचा कोपरा न दुमडणारा माणूस, आणि आयुष्यात वेडेपणा केला तो हा एकच. माणसं तीन आणि सीटा दोन, म्हणून आईने त्या गाडीला कधी माफ केलं नाही. श्रावणात नाना गेले. आल्यागेल्याला चहा देता देता सुलक्षणाचं रडायचं राहूनच गेलं. दिवाळीनंतर मात्र ती मुकाट्याने त्यांची गाडी घेऊन जळगावहून धुळ्याला जाऊ लागली. आईने आता शेवटचं सांगितलं होतं: पेटणाऱ्या गाडीत मी तुला बसू देणार नाही. महिन्याभरात दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर गिरधरमामा चाळीसगावचं गिऱ्हाईक घेऊन येईल.

म्हणून ती नशिराबादला गेली. आणि मग जातच राहिली.

पहिल्या दिवशी नवीनने प्लग काढले. ते काळे आणि ओले होते. नवे बसवले, इंजिन अंगणात बराच वेळ चालू ठेवलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं आणि हसून म्हणाला, "बठ्ठं बराबर शे, मॅडम." म्हणजे सगळं ठीक आहे.

धुळ्याला जाताना पारोळ्याच्या अलीकडे तोच वास आला.

दुसऱ्या खेपेला कॉइल बदलली. बठ्ठं बराबर शे. पुन्हा वास. तिसऱ्या खेपेला पुण्याहून सेन्सर मागवला, आणि अंगणात गाडी अशी शहाण्यासारखी घुरघुरत उभी राहिली, की सुलक्षणाला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. रस्त्यावर बिघडायचं आणि मेकॅनिकसमोर साळसूद व्हायचं. तिने नवीनला बजावलं, की ते तीन शब्द पुन्हा तोंडातून काढलेत तर गाडी इथेच टाकून मी बसने जाईन.

"बसने याल मग," तो गाडीखालून म्हणाला. "याल ना?"

ती पुस्तक उघडून बसली. वाट बघायची म्हणून ती सोबत पुस्तक आणायची. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "मोठ्याने वाचा की. इथे अंधारच आहे, ऐकायला बरं." तिने वाचलं... थांबली की खालून "मग पुढे?" यायचं. दुपारी त्याच्या आईने कळण्याची भाकरी आणि भरीत पाठवलं, आणि तिने रागाच्या भरात नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

त्याने एक प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी विचारला होता. नानांनी इंजिनाचा थर्मोस्टॅट काढून टाकला होता का? इंजिन नीट तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती एक छोटी झडप. आपल्या उन्हाळ्यात इंजिन गार राहावं म्हणून इकडे सगळे काढतात. सुलक्षणाला ते लागलंच. पानाचा कोपरा न दुमडणारा माणूस गाडीचा भाग काढून फेकेल? "नाना कशातलं काही काढत नसत," तिने सांगितलं होतं, आणि तो विषय तिथेच मिटला होता.

मुदतीतल्या शेवटच्या शनिवारी नवीनच म्हणाला, "आज मी सोबत येतो. ती फक्त तुमच्याजवळ बिघडते. बघू तरी, तुमचं काय एवढं गुपित आहे."

थंडी चांगली पडली होती. छत बंद असूनही वारा फटीतून शिरत होता. गाडी एवढी अरुंद, की गिअर टाकताना तिचं कोपर त्याला लागत होतं. आधी दोघांनी माफी मागितली, मग मागायची सोडली. पाळधी गेलं, एरंडोल आलं. त्याचा तळवा पायाखालच्या मॅटवर होता आणि नजर... नजर मॅटवर नव्हती.

"समोर बघा," ती म्हणाली.

"समोर तुम्ही बघा. गाडी तुम्ही चालवताय."

पण त्याने खरंच समोर बघितलं, आणि त्याची नजर डॅशबोर्डवर अडकली. तेवढ्यात वास आला.

"काटा इतका खाली का आहे?" त्याने विचारलं.

"तापमानाचा? तो वर जातच नाही. भर उन्हाळ्यात सगळ्यांच्या गाड्या तापायच्या, नानांची कधी तापली नाही. ते कौतुकाने सांगायचे."

"माझ्या अंगणात तो मधोमध होता," नवीन हळूच म्हणाला. "गाडी थांबवा."

चहाच्या टपरीपाशी ती थांबली. नाकाला लावायला रुमाल काढावा म्हणून तिने पर्स उघडली, आणि हाताला आधी दुसरा रुमाल लागला. नानांचा, निळ्या काठाचा. त्यात गुंडाळलेली स्प्रिंगची पितळी चकती तिच्या मांडीवर पडली. नानांच्या पलंगाजवळच्या खणात तिला ती सापडली होती. ती काय आहे हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. त्यांची होती, तेवढं पुरे होतं. तेव्हापासून पर्समध्येच असायची.

नवीन त्या चकतीकडे बघत राहिला. मग त्याने डोकं सीटला टेकवलं. "महिनाभर," तो म्हणाला, "महिनाभर मी जे शोधतोय, ते तुम्ही पर्समध्ये घेऊन माझ्यासमोर पुस्तक वाचत होतात."

तीच झडप होती. ती नसल्यामुळे थंडीत, धावत्या गाडीत, इंजिन गारच राहायचं. आपण अजून तापलोच नाही असं समजून ते जास्त पेट्रोल मागायचं, आणि ते सगळं खाली जाऊन जळायचं. अंगणात उभं राहिलं, की वारा नाही, मग इंजिन आपोआप तापायचं, आणि बठ्ठं बराबर.

सुलक्षणाने आईला फोन लावला. आई आधी वैतागली, मग आठवून म्हणाली, "दर आखाजीला मी पुरण वाटत असायची आणि हे बोनेट उघडून बसायचे. दिवाळीला मी चकल्या तळायची, तेव्हा पुन्हा तेच. मला वाटायचं, गाडीची पूजा करतात."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उन्हाळ्यासाठी काढायचे. दिवाळीला परत बसवायचे. या वर्षी आखाजी झाली होती...

"फेकली नव्हती त्यांनी," नवीन म्हणाला. "जपूनच ठेवली होती. परत बसवायला तेवढे राहिले नाहीत."

सुलक्षणाने मान फिरवली. टपरीवाला उगाच ग्लास विसळत राहिला. श्रावणापासून अडलेलं रडू तिथे, परक्या गावात, सडक्या अंड्यांच्या वासात आलं. नवीनने काही समजूत घातली नाही. खिडकीची काच तेवढी खाली केली, आणि तिच्यासाठी आणलेला चहा निवला तेव्हा दुसरा आणला.

"नवा थर्मोस्टॅट मिळतो," दुसरा ग्लास रिकामा झाल्यावर तो म्हणाला. "हा तुमच्याजवळ राहू द्या."

तिने चकती मुठीत धरली होती. चकतीची कड तळव्यावर उमटली होती. एकदा आत गेली, की पुन्हा दिसणार नव्हती. तिने मूठ उघडली.

"नको. हाच बसवा. त्यांना बसवायचा होता."

इंजिन निवायची वाट बघून त्याने तिथेच झडप बसवली, टपरीवरच्या घागरीतून पाणी भरलं. पारोळ्याच्या रस्त्याला लागल्यावर काटा हलला. सावकाश वर चढला, मधोमध आला, आणि थांबला. धुळ्याच्या वेशीपर्यंत तो तिथून हलला नाही. वास आला नाही. पुलाच्या पुढे गाडी थांबवायला लावून नवीनने वाकून डबा बघितला. काळा होता, आपल्या जागी होता.

तिने आईला कळवलं, गिरधरमामाला सांग, येऊ नकोस. मग फोन ठेवून विचारलं, "आखाजीला कोण काढणार आता?"

"मेकॅनिक म्हणून सांगतो, तो काढायची काहीएक गरज नसते. पंखा नीट असला की झालं."

"मग नका येऊ."

"ते मेकॅनिक म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "एरवी मी येईन... येत्या आखाजीला येईन. त्याच्या पुढच्या आखाजीला मात्र तुम्हालाच यावं लागेल."

"मी कुठून येऊ? मी जळगावातच असते."

"आखाजीला लेकी माहेरी येतात," नवीन म्हणाला. तो बोनेटवरचा नसलेला डाग पुसत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "नशिराबादहून याल, असं आपलं माझ्या मनात होतं."

सुलक्षणा त्याच्याकडे रागाने बघायला गेली. ते जमलं नाही.

"नशिराबाद ते जळगाव," ती म्हणाली. "एवढ्याशा वाटेने कुणी माहेरी येतं का?"

"पुरते तेवढी. काटा मधोमध यायला तेवढीच वाट लागते."

तिने चावी त्याच्या हातावर ठेवली, दार उघडलं आणि त्या दोन सीटांपैकी डावीकडच्या सीटवर जाऊन बसली. तिथे ती लहानपणी बसायची.

"चला," ती म्हणाली. "कॉलेजला उशीर होतोय."