ताईच्या डोक्यावरचा टेकू

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण ते घर अजून उभं आहे, ताईचं शिलाईचं दुकान तिथेच आहे, आणि ज्या सुताराच्या बाबतीत हे घडलं, तो आजही त्या दारातून मान खाली घालून आत जातो.

शनिवार होता. दिवे लागायची वेळ.

घर जुनं, सगळं लाकडी सांगाड्यावर तोललेलं. खांब, तुळया, आणि खांबातून निघून तुळईला आधार देणारे तिरपे टेकू. कुठे खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खाली दुकानं काढायचं काम याच सुताराने केलं होतं. तेव्हा जिना काढून टाकला. वरचा मजला रिकामा, आणि तिथे जायला वाटच उरली नव्हती.

तो दुकानात आला होता. त्याची मोठी बहीण, ताई, शिलाई मशीनवर झाकण घालत होती.

"ऐकलंस? आजही सुरू झालं बघ."

ठक... ठक... मग हलकेच... टक.

सुताराने वर पाहिलं.

सांधा बसवला की असं वाजवून बघायची सवय एकाच माणसाला होती. दोन ठोके जोरात, एक हलका. मग लाकडावर तळहात ठेवून ऐकायचं.

त्यांचे बाबा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"उंदीर असतील," तो म्हणाला.

"उंदीर काय हातोडी घेऊन फिरतात?" ताई हसली.

आवाज पुढे सरकला. एका खांबावरून दुसऱ्यावर... मग ताईच्या डोक्यावर...

आणि थांबला.

तिथे तो रोजच थांबायचा. का, ते फक्त सुताराला ठाऊक होतं. दुकानं काढताना तिथला टेकू कुजलेला निघाला होता. नवा घडवायचा तर बाबांचा तो बिनखिळ्याचा सांधा यायला हवा. याला येत नव्हता, आणि कुणाला विचारायची लाज वाटली. याने टेकू कापून काढला, त्या जागी प्लायवूडची पोकळ पेटी ठोकली आणि रंग दिला. हुबेहूब टेकू!

त्याखाली बसून ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "माझ्या भावाचं काम आहे." ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तुळई करकरली.

"ताई, ऊठ! बाहेर हो!"

"अरे, झालं काय?"

"ऊठ म्हणतो ना!"

तिला दाराबाहेर ढकलून त्याने पेटीत पटाशी घातली. प्लायवूड निघालं.

आत टेकू होता.

कोरं लाकूड. ताजा भुसा. सांध्यात केस जाईल एवढीही फट नाही. बाबा हाच सांधा शिकवायला बसले की हा काहीतरी सबब सांगून पळायचा.

ताई आत आली. तिने टेकूवर हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"अगदी बाबांसारखं रे! तू केलंस?"

खरं ओठांपर्यंत आलं होतं...

"हो," तो म्हणाला.

वरून आवाज आला. ठक... ठक...

तिसरा, हलका ठोका आलाच नाही.

तेव्हापासून वर सगळं शांत आहे. उंदीर गेले, असं ताई म्हणते. सुतार मात्र दिवे लागायच्या वेळी काहीतरी निमित्त काढून येतो, टेकूवर तळहात ठेवतो आणि उभा राहतो. तो हलका ठोका एकदा तरी वाजू दे, एवढंच त्याला हवं असतं.

अजून वाजलेला नाही.