भोंगेवाल्याच्या चार फेऱ्या

स्पीकर ऐकायला म्हणून दुकानात शिरली आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या घोरायला लागली! कुणाला सांगायचीही लाज वाटावी अशी ही ओळख. पण झाली खरी तशीच.

दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या हातातून रक्त काढून तिचे स्वतःचेच हात गळून गेले होते. बाहेर पावसाची बारीक झड आणि छत्री विसरलेली, म्हणून समोरच्या दुकानात घुसली. बाबांना स्पीकर हवेच होते. दुकानातल्या माणसाने आतल्या खोलीत बसवलं, गाणं लावलं... पुढचं तिला काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा गाणं अगदी हळू चालू होतं आणि तो दाराशी वायर गुंडाळत बसला होता.

"उठवायचं ना मला!" ती ओशाळून म्हणाली.

"एकदम बंद केलं असतं तर दचकला असतात. म्हणून आवाज हळूहळू कमी करत गेलो." तो हसला. डोळे त्याचेही दमलेलेच होते. "कसे वाटले स्पीकर?"

"छान... म्हणजे, मी काय कपाळ सांगणार!"

"बरं, खोली केवढी आहे?"

खोली कसली, मैदानच ते. बाबांची व्हीलचेअर अडू नये म्हणून तिने मधल्या भिंती पाडून घेतल्या होत्या. स्वयंपाकघर, हॉल, बाबांची खाट, सगळं एकात एक. तिची गादीही तिथेच. बाबांना हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून रात्री ते नुसते खोकले तरी ही ताडकन उठून बसायची. सलग झोप कशाला म्हणतात ते विसरूनच गेली होती बिचारी.

पुढच्या आठवड्यात तो पहिली जोडी घेऊन घरी आला. बाबा निवृत्त बसड्रायव्हर. त्यांनी त्याचं 'भोंगेवाले' असं बारसं करून टाकलं.

"भोंगेवाले, एका जागी बसून ऐकायचं असेल तर नको हां! मी फिरता माणूस आहे."

"म्हणूनच हे आणलेत, काका. काही स्पीकर फक्त समोर बसणाऱ्यालाच खूश ठेवतात, जरा सरकलं की फिके. यांचा आवाज चहूकडे पसरतो. फक्त खोली मोकळी आहे, घुमेल. खाली जाजम टाकू, भिंतीपासून थोडे पुढे ठेवू."

तो स्पीकर सरकवत होता, बाबा चाकं फिरवत ओट्यापर्यंत जाऊन "इथे आलं! इथे नाही आलं!" असं ओरडत होते. ती ऐकायला सोफ्यावर बसली आणि... गेली! दुसऱ्या जोडीला तेच. तिसऱ्या जोडीला तर बोलता बोलता अर्धं वाक्य तोंडातच ठेवून झोपली. जाग आली की अंगावर चादर असायची आणि ते दोघं कोपऱ्यात कुजबुजत बसलेले.

"काय ठरलं?" ती विचारायची.

"मला नाही बुवा पसंत," बाबा म्हणायचे. "दुसरे आणायला सांगितलेत."

तो निघताना दारात रेंगाळायचा. "माझ्या स्पीकरना इतकं कंटाळलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

"कंटाळा नाही हो..."

"मग?"

"मग काही नाही!"

जिना उतरताना तो मागे वळून बघायचा, आणि ही दार लावायचं सोडून उभीच. तो तिला आवडायला लागला होता. उगाच आडपडदा कशाला?

चौथ्या खेपेला मात्र तो खोकं न उघडताच म्हणाला, "मालक कटकट करतायत. आज काय ते ठरवा. यानंतर मला इकडे नाही येता येणार."

तिची झोप कुठल्या कुठे पळाली! गाणं सुरू झालं, ती ताठ बसून राहिली. ऐकायला बरं होतं, पण लक्ष कुठे लागतंय? हो म्हटलं तर हा जाणार, नाही म्हटलं तरी जाणारच.

"बाबा, तुम्हीच सांगा."

"मला तर पहिलीच जोडी पसंत होती."

"काय? मग इतके दिवस नावं का ठेवत होतात?"

"तू झोपली होतीस, चिमणे. किती महिन्यांनी अशी झोपलीस! पसंत म्हटलं की हा येणं बंद करणार, आणि तू परत रात्रभर माझ्या श्वासाला कान लावून बसणार. मला काय कळत नाही?"

तिचे डोळे भरून आले. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"मला स्पीकरमुळे झोप नव्हती लागत. तुम्ही इथे असलात की वाटतं, बाबांकडे कुणाचं तरी लक्ष आहे... मी फार दमलेय हो. आणि तुम्ही मला आवडता. झालं, बोलले एकदाचं!"

तो खोक्यावरच बसला. "पहिलीच जोडी योग्य आहे हे मलाही ठाऊक होतं," तो खाली बघत म्हणाला. "पण गप्प बसलो. दिवसभर परक्यांच्या घरात वायरी ओढायच्या आणि रात्री रिकाम्या खोलीत जायचं... इथे काकांच्या गप्पा, तुम्ही शेजारी झोपलेल्या. उठून जावंसंच वाटायचं नाही."

"म्हणजे दोघं मिळून मला बनवत होतात!" ती रडता रडता हसली. मग हळूच म्हणाली, "स्पीकर नसले तरी... याल?"

"रिकाम्या हाताने यायला कसंसंच होईल."

"मग उद्या येताना दूध आणा. मी रोज विसरते."

"अर्धा लिटर पुरेल?"

ती काही बोलणार, तोच बाबांनी खुर्ची दोघांच्या मधे आणून उभी केली.

"अर्ध्या लिटरने काय होतंय रे? एक लिटर आण. आता आपण तिघं आहोत."