अर्ध्या इंचाची पाइप

एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता न्हाणीतून किंकाळी आली. गोकुळदास परसातून धावले. उंबऱ्यावर त्यांच्या पायांचा चिखल उमटला. त्यांची बायको रुक्मिणी लादीवर पडली होती. डोक्याला मार, खांदा भाजलेला. शॉवरमधून वाफाळतं पाणी पडतच होतं. डॉक्टर डिचोलीहून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या संध्याकाळी सगळ्यांना लग्नाला जायचं होतं.

बाराव्या दिवशी गोकुळदास सुनेला म्हणाले, "सोलार हीटरचा हट्ट तुझा. पाणी तूच तापवून ठेवलंस." सेजलने बॅग भरली. मांद्र्याला माहेरी निघून गेली. मुलगा सर्वेश बोटीवर नोकरीला. तो येण्याआधी पुरावा गोळा करून तिच्यावर पोलिसांत तक्रार करायची, असं ठरवून गोकुळदासांनी म्हापशाहून सुलोचनाबाईंना बोलावलं. खाजगी तपास करणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. सोबत त्यांचा मदतनीस ओंकार.

"सुनेनेच केलंय, बाई," ओंकार कुजबुजला. "दोघींचं पटत नव्हतं."

"तुझं तुझ्या आईशी पटतं?"

ओंकारने वही उघडली.

बाईंनी प्लंबर अनंतला बोलावलं.

"सोलाराक टाकीवरून वेगळी पाऊण इंची लाइन दिली," अनंत म्हणाला. "थंडाची मात्र जुनीच. अर्ध्या इंचाची. तीच न्हाणीत, तीच पुढे परसात. मी म्हटलेलं, गोकुळदासबाब, ती पण बदलूया."

"ती तुळशीखालून जाते," गोकुळदास म्हणाले. "वृंदावन फोडायचं? तुळशीचं लगीन झाल्यावर बघू म्हटलं होतं. मग राहिलं."

"परसात पाणी कधी घालता?"

"रोज दिवेलागणीला. पोफळींना."

दुसऱ्या दिवशी बाई मांद्र्याला जाऊन आल्या. आल्या त्या अनंत आणि गोकुळदासांना घेऊन थेट न्हाणीत.

"ओंकार, परसातला नळ पूर्ण सोड."

शॉवर सुरू होता, खाली बादली होती. आधी पाणी कोमट होतं. मग थंडाची धार बारीक झाली, तुटली. बादलीतून वाफ येऊ लागली. अनंतने हात घातला आणि झटकन काढला.

"कोणी काही तापवलं नाही," बाई म्हणाल्या. "एप्रिलच्या उन्हात चार वाजता सोलार असाच तापतो. परसातल्या नळाने थंड पाणी ओढलं की न्हाणीत उरतं फक्त गरम."

"पण मी संध्याकाळी..."

"गोकुळदासबाब, एप्रिलात पायाला चिखल कुठला?"

गोकुळदासांनी उंबऱ्याकडे पाहिलं. लग्नाला जायचं म्हणून त्या दिवशी त्यांनी पोफळींना चारलाच पाणी घातलं होतं.

"सेजल एकदा अशीच भाजली होती," बाई हळू म्हणाल्या. "तिने सासूला सांगून ठेवलं होतं, बाबा पाणी घालतात तेव्हा न्हाऊ नका. म्हणून रुक्मिणीबाई लवकर न्हायला गेल्या."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

गोकुळदासांनी शॉवर बंद केला.

"उंबऱ्यावरचा चिखल सेजलने पुसला. पुसतानाच तिला कळलं. तुम्ही तिच्यावर आळ घेतलात, तरी तिने तोंड उघडलं नाही. मला एवढंच विचारलं, हे बाबांना सांगायलाच हवं का?"

बाई, ओंकार, अनंत निघून गेले. गोकुळदास तुळशीपाशी बसून राहिले.

त्याला आता सव्वा महिना झाला. पोफळी वाळल्यात. वृंदावनाखालची पाइप अजून अर्ध्या इंचाचीच आहे. मांद्र्याला जाऊन सेजलला घेऊन यायचं राहिलं आहे.